धागा: अण्णांच्या मोबाईलला तिसरी काच. कुठली घ्यावी, घरी कशी बसवावी?

डाळिंबकर
नमस्कार मंडळी. आटपाडी तालुक्यात आमची डाळिंबाची बाग आहे. अण्णा (वडील, वय ६४) दिवसभर बागेत असतात आणि मोबाईल सदऱ्याच्या वरच्या खिशात. मी पुण्यात नोकरीला, महिन्या-दीड महिन्यातून गावी जाणं होतं.

दीड वर्षात त्यांच्या मोबाईलला दोन काचा लावून झाल्या. पहिली दोन महिन्यांत कडेनं उचलली आणि आत माती गेली. दुसरी बाजाराच्या दिवशी एका टपरीवर १५० रुपयांत बसवली. काळ्या कडेची, 'इलेव्हन डी, नाइन एच' असं पाकिटावर लिहिलेली. ती बसवल्या दिवसापासून मोबाईल त्यांचं बोट घेत नाही. बोटाचा ठसा वाचणारा सेन्सर पडद्याच्या खालीच आहे. मजुरांचे पैसे मोबाईलवरून द्यायचे असतात तेव्हा हात धुवायचे, पुसायचे, मग पिन आठवायचा, असं बांधावर उभं राहून चाललेलं असतं. परवा आई फोनवर म्हणाली, "त्यांनी आता मोबाईल घरीच ठेवायला सुरुवात केलीय." याचं मला फार वाईट वाटलं. माणूस एकटा बागेत असतो, मोबाईल जवळ असायलाच हवा.

गेल्या खेपेला उन्हात तिरका धरून पाहिला. राखेनं घासलेल्या स्टीलच्या ताटावर दिसतात तसे बारीक गोल गोल ओरखडे सगळ्या काचेवर. मोबाईल सपाट पडद्याचा आहे, कडा वळलेल्या नाहीत. शनिवारी गावी जातोय. या वेळी काच विकत घेऊन जाऊन घरी स्वतः बसवावी म्हणतो. कुठली घेऊ? आणि हे इलेव्हन डी, नाइन एच म्हणजे नक्की काय असतं?

काचकाम
डाळिंबकर, वीस वर्षं काचेच्या कारखान्यात काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ९एच. हा आकडा पेन्सिलीचा आहे. रंगाचा किंवा वार्निशचा थर किती टणक झालाय ते बघायची ही चाचणी. पेन्सिल ४५ अंशांत धरून ठरावीक भारानं पृष्ठभागावरून ढकलायची आणि ओरखडा उठतो का ते पाहायचं. त्यातली सर्वांत कडक पेन्सिल ९एच. पण पेन्सिलीत असतं काय? ग्रॅफाइट आणि चिकणमाती. तिनं काचेला काही होत नाही. तुमच्या घराच्या खिडकीची साधी काचही या चाचणीत ९एचच ठरेल. लोकांना वाटतं हा खनिजांच्या काठिण्याचा, म्हणजे मोह्ज मापनाचा आकडा आहे. त्या मापावर ९ म्हणजे माणिक आणि नीलम, १० म्हणजे हिरा. काच तिथं साडेपाच-सहाच्या आसपास बसते.

आता गारगोटी त्याच मापावर ७ आहे. वाळूचा कण म्हणजे बहुतेक वेळा गारगोटीचाच कण. पितळी चावी, नाणी काचेपेक्षा मऊ असतात, त्यांनी काचेला सहसा ओरखडा पडत नाही. ओरखडे पडतात ते खिशात बसलेल्या बारीक वाळूनं. अण्णांच्या काचेवरचे ओरखडे गोल आहेत असं तुम्ही लिहिलंत, त्यावरून मला वाटतं ते धूळ बसलेला पडदा कापडानं गोल गोल पुसत असणार. बरोबर?

'डी' बद्दल थोडक्यात. २.५डी म्हणजे कड घासून गोलसर केलेली, ३डी म्हणजे काच कडेला वळवलेली. या दोन्हींना अर्थ आहे. ५, ९, ११, २१ हे नुसते पाकिटावरचे आकडे. त्यावर एक रुपयाही जास्त देऊ नका.

डाळिंबकर
अगदी बरोबर ओळखलंत! उपरण्याच्या टोकानं पुसतात. आणि आणखी एक आठवलं. डाळिंबावर बोर्डो मारतो आम्ही, मोरचूद आणि चुना. फवारणी चालू असताना फोन आला की मोबाईलवर थेंब उडतात, वाळले की निळसर पांढरे डाग पडतात. तेही उपरण्यानंच खरवडून पुसतात. चुन्यात बारीक खडी असतेच, गाळून घेतला तरी थोडी राहते.

काचकाम
मग ओरखड्यांचं कारण सापडलंच. डाग आधी ओल्या फडक्यानं भिजवायचा, पुसायचा नंतर. एवढं जरी झालं तरी काचेचं आयुष्य वाढेल.

तुमच्या मोबाईलची मूळ काच साधी नसते. कारखान्यात ती वितळलेल्या पोटॅशियम क्षारात बुडवतात, सुमारे ४०० अंशांना. काचेतले सोडियमचे लहान आयन बाहेर येतात आणि त्यांच्या जागी पोटॅशियमचे मोठे आयन घुसतात. जागा तेवढीच, बसणारा मोठा, त्यामुळे पृष्ठभाग कायम दाबाखाली राहतो. हा दाब आहे तोवर तडा सहज पुढे सरकत नाही. पण वाळूचा ओरखडा त्या थराच्या खाली पोचला की तिथूनच फुटायला सुरुवात होते. पुष्कळ मोबाईल ज्या पडण्यात फुटतात ते पडणं फार मोठं नसतं, आधीचा ओरखडा नेमका तिथं असतो.

वरून लावायची काच या कामासाठी आहे. ओरखडा तिच्यावर पडावा, खालच्या काचेवर नाही. तिच्याकडून याहून जास्त मागू नका. कोपऱ्यावर आपटला तर ०.३३ मिलिमीटरची काच वाचवणार नाही, तिथं पडद्याच्या वर उचललेली कड असलेलं कव्हरच कामाला येतं. शेतात वापरायचा असेल तर आधी कव्हर चांगलं घ्या असं मी सांगेन.

काउंटरवरचा
साताऱ्यात अकरा वर्षं मोबाईलच्या दुकानात काउंटरवर आहे. काचकाम यांनी लिहिलंय त्यातलं बरंच मला आज कळलं, धन्यवाद. बोटाचा प्रश्न मात्र मी रोज सोडवतो, त्यावर लिहितो.

काळ्या कडेच्या स्वस्त काचांत पुष्कळदा गम फक्त कडेला असतो. मधे काच आणि पडदा यांत हवेचा पातळ थर राहतो. पडद्याखालचा सेन्सर या हवेमुळेच बोट वाचत नाही. घेताना 'फुल ग्लू' मागा, म्हणजे पूर्ण पाठीला गम. खात्री कशी करायची? पाठीवरचा पातळ कागद जरा सोडवला की मधल्या भागाचा चिकटपणा बोटाला कळतो. दुकानदार नाही म्हणाला तर दुसऱ्या दुकानात जा.

सेन्सर दोन प्रकारचे येतात. प्रकाशावर चालणारा, बोट ठेवलं की तिथं पडदा झगझगीत उजळतो. दुसरा ध्वनिलहरींवर चालणारा, तो तसा उजळत नाही, जास्त करून महाग मोबाईलमध्ये असतो. पहिल्याला फुल ग्लूची पातळ काच चालते. दुसऱ्याला नेहमीची काच बऱ्याचदा चालत नाही, त्यासाठी त्या मॉडेलची म्हणून बनवलेली काच नाहीतर फिल्म घ्यावी लागते.

आणि काच बसवल्यावर जुनी बोटं पुसून टाकून नव्यानं नोंदवायची. हे दहातले नऊ जण करत नाहीत आणि काचेला दोष देतात.

सागरवेळ
मी मालवणची. आमच्याकडे वाळू आणि दमट हवा दोन्ही. काचेचा गम पावसाळ्यात कडेनं सुटतो असा माझा अनुभव. म्हणून दोन वर्षांपूर्वी दुकानात मशीनवर कापून देतात ती मऊ फिल्म लावली, हायड्रोजेल म्हणतात ती. कडा अजून उचललेल्या नाहीत. नखानं पडलेली बारीक रेघ दोन दिवसांत भरून येते. बोटही व्यवस्थित घेते. पण वाळूच्या ओरखड्यानं मात्र फिल्म कायमची खरवडली गेली, मधे दोन खोल रेघा आहेत. आणि हाताला काचेसारखी गुळगुळीत लागत नाही, बोट थोडं अडतं. माझ्या सासूबाईंना ते आवडलं नाही, त्यांनी काचच ठेवली.

लहान मूल ज्या टॅबवर खेळतं तिथं मी फिल्मच लावते. फुटलेल्या काचेचा बारीक कपरा एकदा माझ्या मुलीच्या बोटात गेला होता.

काउंटरवरचा
ताई, बरोबर लिहिलंत. फिल्म आपटण्यापासून जवळजवळ काहीच वाचवत नाही, पण वळलेल्या कडांच्या मोबाईलला तीच बरी. त्या मोबाईलना यूव्ही काच म्हणून एक प्रकार येतो. पातळ गम ओततात, काच ठेवतात आणि निळ्या दिव्याखाली सुकवतात. बसली तर सुंदर बसते. पण गम पातळ असतो, तो कानाच्या जाळीत आणि बाजूच्या बटणांत उतरतो. असे आवाज गेलेले, बटण अडकलेले मोबाईल माझ्याकडे आले आहेत. मी ही काच बसवणं बंद केलं. डाळिंबकर, तुमचा पडदा सपाट आहे, तुम्हाला तिची गरजच नाही.

वाचनवेडी
थोडं वेगळं विचारते. पुस्तकं वाचायच्या किंडलला काच लावावी का? पडद्यावर एक रेघ आहे, ती बघून जीव कासावीस होतो.

काचकाम
वाचनवेडी, नको. त्या पडद्याचं सगळं सुख त्याच्या मॅटपणात आहे, कागदासारखं दिसण्यात. वर चकचकीत काच लावली की दिव्याचं प्रतिबिंब सुरू. शिवाय तो पडदा मरतो तो दाबानं. आत पातळ काचेचा थर असतो, पिशवीत वजनाखाली दबला की तोच फुटतो, वरून काही दिसत नाही, फक्त चित्र अर्धवट गोठतं. त्याला कडक झाकणाचं कव्हर द्या. रेघ उजेडाच्या बाजूनं दिसत असेल तर आहे तशी राहू द्या.

पाठीवरची_पेटी
मी दुचाकीवर पार्सल पोचवतो, मोबाईल हँडलला लावलेला असतो. प्रायव्हसी काच घेऊ नका एवढंच सांगायला आलो. बाजूनं तिरकं बघितलं की पडदा काळा दिसतो, त्यासाठीच ती बनवतात. माझी तर वरूनही काळी दिसायची. पण हँडलवरचा मोबाईल आपण वरून तिरका बघतो. नकाशा दिसत नव्हता म्हणून ब्राइटनेस पूर्ण केली, दुपारी दोनलाच बॅटरी संपली. आता मॅट काच लावलीय, उन्हात चमक मारत नाही. अक्षरं थोडी धुरकट दिसतात, पण रस्त्यावर तेवढं चालतं. अण्णाही उन्हातच असतात ना?

डाळिंबकर
असतात, पण त्यांना आधीच चष्मा आहे, अक्षर धुरकट नको. साधी पारदर्शकच घेईन.

काउंटरवरचा, तुमच्या सांगण्यावरून बोट ठेवून पाहायला आईला सांगितलं. पडदा हिरवा-पांढरा उजळतो. म्हणजे प्रकाशाचा सेन्सर. आज ऑफिस सुटल्यावर बुधवार पेठेत जाऊन फुल ग्लूची दोनाची जोडी घेतली, बरोबर बसवायची प्लास्टिकची चौकट पण आहे. ३५० रुपये. पाठीच्या मधे बोट लावून बघितलं, चिकट आहे.

आता बसवायचं कसं ते सांगा. गावचं घर, अंगण मातीचं, दिवसभर वारा. धुळीचं काय करू?

काउंटरवरचा
काचेखाली धूळ गेली तरच वाईट, बाकी सगळं सुधारता येतं. हवेचा बारीक बुडबुडा एक-दोन दिवसांत आपोआप जिरतो. धुळीच्या कणाचा बुडबुडा कधीच जात नाही, त्याच्या मधोमध कण टोचल्यासारखा दिसतो, त्यावरून ओळखायचं.

दुकानात मी पंखा बंद करतो, काउंटर ओल्या फडक्यानं पुसतो, हात धुतो. पाकिटात दोन पुड्या असतात, ओली आणि कोरडी. ओलीनं पडदा पुसायचा, कडेपासून आणि कानाच्या जाळीपासून सुरुवात करायची, कारण धूळ तिथंच लपलेली असते. मग कोरडीनं. मग चिकट स्टिकर पडद्यावर टप टप करत कण उचलायचे. मोबाईल दिव्याखाली तिरका धरून बघायचं, समोरून बघितलं तर कण दिसत नाहीत. आणि काचेच्या पाठीचा कागद अगदी शेवटी काढायचा. कागद आधी काढून मग पडदा पुसणारे पुष्कळ बघितलेत, तेवढ्या वेळात गमवर दहा कण बसतात.

काच मधोमध बोटानं दाबली की गम आपोआप कडेकडे पसरत जातो. तो पसरताना हात लावू नका.

बंबवाली_मोरी
आमचं गाव विट्याजवळ. मी घरातल्या पाच मोबाईलना काचा बसवल्यात, सगळ्या मोरीत. बंब पेटवायचा, दोन बादल्या कडक पाणी मोरीत ओतायचं आणि दार लावून पाच मिनिटं बाहेर थांबायचं. वाफेनं हवेतली धूळ खाली बसते. मग आत जाऊन उलट्या ठेवलेल्या बादलीवर मोबाईल ठेवून काम करायचं. दोन गोष्टी सांभाळा. वाफ भरून असताना मोबाईल आत नेऊ नका, पडद्यावर दव धरतं. आणि अंगात लोकरीचं किंवा टॉवेलसारखं काही नको, बाह्या वर सारा. सकाळी सहाच्या आत केलं तर वाराही नसतो.

काच वाकडी बसली तर घाबरून उपटू नका. सेलोटेपच्या दोन पट्ट्या वरून चिकटवून त्यांनी काच सरळ वर उचलायची, दारासारखी. कण दिसला तर तिसऱ्या पट्टीनं तो गमवरून उचलून घ्यायचा आणि काच परत सोडायची. गमला बोट लागू द्यायचं नाही.

सागरवेळ
कडेला पांढरी रेघ राहते तिथं आमच्याकडे दुकानात खोबरेल लावतात. ते बरं का?

काचकाम
खोबरेल नको. तेल हवेच्या फटीत शिरतं म्हणून रेघ दिसेनाशी होते, एवढंच. ते धूळ धरतं, कडेचा गम सैल करतं, महिन्याभरात काळी किनार तयार होते.

काउंटरवरचा
इथं मी थोडा वेगळा बोलेन. खोबरेल नको हे मान्य. पण सिलिकॉनचं तेल असतं, ते काडीच्या टोकावर अर्धा थेंब लावलं तर रेघ जाते आणि गम टिकतो, माझा अनुभव आहे. गिऱ्हाईक पांढरी रेघ बघून काच परत करतं, मला ती वाया घालवता येत नाही.

काचकाम
दुकानाच्या बाजूनं तुमचं म्हणणं पटतं. अण्णांच्या मोबाईलला मात्र नको, मातीत वापरायचाय. रेघ राहिली तर राहू द्या.

बोटाविषयी एक महत्त्वाचं राहिलं. २०१९ मध्ये सॅमसंगच्या गॅलेक्सी एस१० बाबत असं उघडकीला आलं की काही सिलिकॉनच्या आवरणांवरची नक्षीच सेन्सरनं ठशाबरोबर नोंदवून घेतली, आणि मग कुणाचंही बोट लावलं तरी मोबाईल उघडू लागला. कंपनीनं पुढे सॉफ्टवेअर सुधारून दिलं. त्यात ध्वनिलहरींचा सेन्सर होता, तुमचा वेगळा आहे. तरीही काच बसवून बोट नोंदवलं की घरातल्या दुसऱ्या दोघा-तिघांची बोटं लावून बघाच. त्याच बोटानं बँकेचं खातं उघडतं.

घडीचा_मोबाईल
वळलेल्या कडांवर लिहिलंत तसं घडीच्या मोबाईलवर कुणी लिहिलं नाही. आतल्या पडद्यावर कंपनीनंच लावलेली फिल्म असते, ती पडद्याचाच भाग आहे. २०१९ मध्ये सॅमसंगचा पहिला घडीचा मोबाईल, गॅलेक्सी फोल्ड, परीक्षणासाठी दिला होता तेव्हा काहींनी ती साधी फिल्म समजून सोलली आणि पडदे गेले. घरी नवीन आला तर मुलांना आधीच सांगा.

डाळिंबकर
मंडळी, रविवारची रात्र, पुण्याच्या गाडीत बसून लिहितोय.

पहाटे साडेपाचला बंब पेटवला. आई विचारत होती आंघोळीला एवढी घाई कशाला. जुनी काच काढायला वेळ लागला. कोपऱ्यात दातकोरणीनं उचलून खालून जुनं एटीएम कार्ड हळूहळू सरकवलं. ती निघाली तेव्हा कळलं, मधे गमच नव्हता, फक्त काळ्या कडेला. खालचा मूळ पडदा उजेडात धरून बघितला. वर उजव्या कोपऱ्यात एक छोटी रेघ आहे, पहिली काच उचलली होती त्या दिवसांतली असावी. बाकी पडदा स्वच्छ. त्या फुटकळ काचेनंही आपलं काम केलं होतं म्हणायचं.

मोरीत वाफ बसल्यावर आत गेलो. कानाच्या जाळीतून खरंच लाल माती निघाली, ओली पुडी विटकरी झाली. चौकट ठेवली, स्टिकर फिरवला, टॉर्च तिरका धरून दोनदा बघितलं, मग कागद काढला. मधोमध दाबल्यावर गम कडेकडे जाताना बघितला, शेताला पाणी सोडल्यावर सरीतून पुढे सरकतं तसा सरकत गेला. डाव्या कडेला एक कण राहिला. सेलोटेपनं दार उघडल्यासारखी काच उचलली आणि काढला. बंबवाली_मोरी, तुमचे आभार.

पण बोट! जुनी नोंद पुसून अण्णांचा उजवा अंगठा नोंदवायला घेतला तर काच नवी असूनही 'पुन्हा ठेवा, पुन्हा ठेवा'. तेव्हा लक्षात आलं की रेशन दुकानातही त्यांचा अंगठा तीन-चारदा लावावा लागतो. हात हातात घेऊन नीट बघितला. छाटणीच्या कात्रीनं उजव्या अंगठ्यावरच्या रेषा पार झिजून गेल्यात, तिथं गुळगुळीत घट्टा आहे. डाव्या हातानं फांदी धरतात, तिथं तर्जनीला डाळिंबाच्या काट्यांचे व्रण. इतकी वर्षं तो हात बघतोय, पण असा कधी बघितला नव्हता.

मग एकेक बोट तपासत गेलो. डावी अनामिका चांगली निघाली, ती ना कात्रीला लागते ना फांदीला. तीच दोनदा नोंदवली, एकदा कोरडी, एकदा हात धुऊन नुसता झटकल्यावर. आता दहातल्या नऊ वेळा उघडतो. आईचं, माझं आणि शेजारच्या तात्यांचं बोट लावून बघितलं, उघडला नाही.

अण्णांना ती सवय नाही, दुपारी जेवताना सारखं अनामिका लावून उघडून बघत होते. चार वाजता बागेत गेले ते मोबाईल खिशात घालून. खिशात आईनं जुन्या मऊ सुती साडीचा एक तुकडा शिवून दिलाय, बोर्डोचा डाग पडला की तो भिजवून पुसायचा असं ठरलंय.

कव्हर उंच कडेचं ऑनलाइन मागवलंय, गुरुवारी येईल. जोडीतली दुसरी काच देव्हाऱ्याखालच्या फळीत ठेवली आहे, आईला दाखवून आलोय.

काउंटरवरचा
वा, छान काम केलंत. दुसरी काच पाकिटात आडवीच ठेवा, उभी ठेवली तर कडेला कपरा निघतो. आणि अनामिकेची नोंद चार-सहा महिन्यांनी एकदा ताजी करा, थंडीत कातडी कोरडी पडली की परत अडतं.

डाळिंबकर
आडवी ठेवायला आत्ताच फोन करून सांगितलं. फोन अण्णांनी उचलला.